बिनहेल्मेटचा माणूस

३ ऑगस्ट २०२५, रविवार

रुचिका मॅडमनी सांगितलं म्हणून ही वही. त्या बाबांची थेरपी करायला येतात. म्हणाल्या, "करिष्मा, बाबांनी रोज उजव्या हाताने काय काय केलं ते तारीखवार लिहीत जा." त्यांना चार ओळी पुरतील. पण मी एकदा सुरू झाले की थांबत नाही, असं आई म्हणते, तेव्हा चार ओळी वेगळ्या कागदावर देईन आणि वही माझी मी ठेवीन.

मे महिन्यात बाबांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. समजतं सगळं. चहात साखर कमी पडली की भुवई वर जाते. डॉक्टर म्हणाले, जे परत यायचं ते सहा महिन्यांत येईल, पुढे फारशी आशा धरू नका. सहा महिने होतात दहा नोव्हेंबरला. मी कॅलेंडरवर लाल गोल करून ठेवलाय. मला बाबांच्या तोंडून एक वाक्य ऐकायचंय. शिवी असली तरी चालेल.

मॅडम म्हणतात, आधी चिमूट आली पाहिजे. आईने वाटीत वाटाणे दिले. बाबांनी डाव्या हाताने वाटी भिरकावली. वाटाणे अजून कॉटखाली सापडतायत.

५ ऑगस्ट, मंगळवार

आमची भातशेती होती त्या जागेवर आता गोडाऊन आहे आणि त्यात मी नोकरी करते. लोकांनी मागवून परत पाठवलेलं सामान उघडायचं, नग मोजायचे, पूर्ण की अपूर्ण ते लिहायचं. आज खेळण्यातल्या ठोकळ्यांचा डबा आला, ते एकमेकांत टक्कन बसणारे. डब्यावर अंतराळयानाचं चित्र, नग ८१४. आत निघाले २११. बोटभर उंचीची दोन माणसं, त्यातल्या एकाला हेल्मेट.

सुपरवायझर म्हणाला, "ये तो भंगार में जायेगा." मी म्हटलं, "मेरे घर में जायेगा." चिमटीसाठी याहून बरी वस्तू शोधून सापडली नसती.

१२ ऑगस्ट, मंगळवार

चित्रातलं यान हातभर लांब. दोनशे अकरा नगांत ते होणं शक्यच नाही, म्हणून मी वीतभर यानाचा नकाशा काढला. मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, मग सासरी सहा वर्षं भाकऱ्या थापल्या, मग बॅग उचलून माहेरी, काल्हेरला परत आले. डिप्लोमाचा पहिला उपयोग हा असा.

यान पहिलं पार फसलं. नाक जड, टेकवलं की पुढे लवंडतं. पंख दोनच गाठींवर, म्हणजे ठोकळ्यावरच्या टेंगळांवर धरलेले, ते लोंबतात. मी सांध्यावर सांधा आणून ठेवला होता, गवंडीसुद्धा हसला असता. एक मात्र कळलं. जाड ठोकळा एक म्हणजे पातळ पट्ट्या तीन, आणि पाच पट्ट्या एकावर एक ठेवल्या की बरोबर दोन गाठींची रुंदी होते. म्हणजे ठोकळा कुशीवर आडवा करून लावला तरी फट राहत नाही. हे कळल्यावर मी एकटीच टाळी वाजवली.

बाबांनी उजव्या हाताने अकरा नग बसवले. मॅडमच्या कागदावर लिहिलं.

२१ ऑगस्ट, गुरुवार

दुसरं यान काल छान झालं होतं. नाक निमुळतं, पंख मागे झुकलेले. आज कामावरून आले तर पंख काढून बाजूला ठेवलेले, नाकाच्या जागी बोथट ठोकळा, आणि पोट रुंद आणि सपाट केलेलं. दिवसभर बाबांनी हेच केलं म्हणे.

मी म्हटलं, "बाबा, हे यान आहे, परात नाही!" त्यांनी भुवई वर केली. मी पंख लावले. त्यांनी काढले. म्हातारा माणूस आणि मी, दोघंही एका रक्ताचे, हट्टाला कोण कमी? शेवटी मी सोडून दिलं. पंखांशिवायही अंतराळात चालतं म्हणा, तिथे हवा कुठे असते.

७ सप्टेंबर, रविवार

काल गणपती गेले. आज निवांत बसलो.

यान तिसरं. बाबांना आता खाली उभा दांडा हवाय. लांब काड्या जोडून दांडा केला, तळाला राखाडी पाटी, म्हणजे चंद्राची जमीन, आणि दांड्याच्या टोकाला यान. काचेच्या कपाटात ठेवतात तसं दिसायला लागलं. मला एकदम आवडलं. बाबांनी त्या राखाडी पाटीवर निळे नग पसरले. चंद्रावर पाणी! असू दे.

मग त्यांनी दोन माणसांतला एक घेतला आणि दांड्याला मधोमध अडकवला. चिमटीत धरून, स्वतः. सात मिनिटं लागली, मी घड्याळ लावून बघितलं. यानातून खाली उतरणारा अंतराळवीर! मला इतका आनंद झाला की आईला हाक मारली.

आई चहा घेऊन आली. तिने बघितलं आणि कप खाली ठेवला. म्हणाली, "मोर ते." म्हणजे मोडून टाक.

"अगं, किती दिवसांनी काही करतायत ते."

"मना ते घरान नको. मोर सांगतंय ना!"

आईचं नाव हौसा, पण हौस कशाची म्हणून नाही. मी मोडलं नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

काल किशन गोडाऊनवर टेम्पो घेऊन आला होता. विचारत होता, "मामा बरा हाय का? आय म्हनते, या भाऊबीजंला मामा येल का न्हाय?" मी म्हटलं, मामा कसला येतोय, तिलाच घेऊन ये.

किशनची आई मंगळीआत्या. गणेशपुरीच्या पुढे पाड्यावर राहते. बाबांची मानलेली बहीण. पूर्वी बाबांची खाडीत रेतीची होडी होती आणि तिचा नवरा सावळ्या त्या होडीवर डुबीला होता. होडीला लांब बांबू बांधून तळापर्यंत सोडायचा, तो धरून माणूस लोखंडी बादली घेऊन खाली जायचा, बादलीत रेती भरायचा, बांबू धरूनच वर यायचा. सावळ्यासारखा दम कुणाचा नव्हता, असं बाबा सांगायचे. पण माणूस कसा निघाला बघा. २००६च्या शिमग्याआधी वापीकडच्या कुठल्याशा बाईबरोबर निघून गेला. किशन तेव्हा दोन वर्षांचा. बाबा स्वतः पाड्यावर जाऊन मंगळीआत्याला सांगून आले, की तो जिवंत आहे, आज ना उद्या येईल, तू कुंकू पुसू नको.

तेव्हापासून दर भाऊबीजेला बाबा साडी घेऊन तिच्याकडे जातात. एकोणीस वर्षांत एकदा चुकले नाहीत. साडी हिरवीच, आणि बांगड्याही हिरव्याच, कारण नवरा असलेली बाई. दुसऱ्याच्या बायकोसाठी, तीही पाड्यावरच्या, एवढं कोण करतं? मला बाबांचा अभिमान वाटतो, तो इथे लिहून ठेवते.

२८ सप्टेंबर, रविवार

यान पाचवं. आता भांडण दांड्यावरून.

मी यान दांड्यावर बसवते, बाबा ते उपटतात. उपटून हळूहळू चौरंगावरून पुढे ढकलत नेतात, औषधांच्या डब्यापर्यंत. दांडा आणि त्यावरचा माणूस मागे तसाच. मला वाटलं सांधा कच्चा आहे, आपोआप सुटतो. म्हणून खालून दुहेरी पट्टी दिली, बाजूने आडवा ठोकळा लावून पकड केली. आता तो सांधा असा झालाय की मलाच नख तुटेपर्यंत जोर लावावा लागतो. बाबांनी अर्धा तास खटपट केली, घाम आला, पण सोडवलंच. आणि परत ढकलत नेलं.

मी म्हटलं, "उड्डाण झालं का? मग त्या बिचाऱ्याला पण घेऊन जा की!"

बाबा माझ्याकडे बघतच राहिले. अजून एक खोड. त्या माणसाचा एक हात ते वर करून ठेवतात. मी खाली केला तर परत वर. टाटा करतोय वाटतं.

५ ऑक्टोबर, रविवार

आज मी चुकले बहुतेक, पण कुठे ते कळत नाही.

दांड्यावरच्या माणसाला मी हेल्मेट घातलं. बाबांनी काढलं. मी घातलं. त्यांनी काढून कॉटखाली टाकलं. मी चिडून म्हटलं, "बाबा, हेल्मेटशिवाय माणूस खाली सोडला तर गुदमरून मरेल ना हो!"

बाबा रडायला लागले. आवाज न करता, तोंड वाकडं करून. झटक्यापासून रडू लवकर येतं असं मॅडम म्हणाल्या होत्या, पण हे तसं नव्हतं. मी तोंड पुसलं, पाठीवरून हात फिरवला. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ती आत निघून गेली. मग मला पण रडू आलं. कशाचं ते माहीत नाही.

हेल्मेट राहू दे कॉटखाली.

१२ ऑक्टोबर, रविवार

मॅडम खूश! चिमूट आली म्हणाल्या, अंगठा दाबला जातो, एवढं त्यांना अपेक्षित नव्हतं. यानाचा फोटो काढला. दुसरा माणूस बाबांनी यानाच्या वर बसवलाय, दांड्यावरच्या माणसाकडे पाठ करून. मी त्याचं तोंड फिरवते, बाबा परत पाठ करून ठेवतात.

मॅडमनी विचारलं, "काका, हा वरचा कोण?" बाबांनी उजवा हात उचलून स्वतःच्या छातीवर ठेवला. आम्ही दोघी टाळ्या वाजवायला लागलो. कॅप्टन! "आणि खालचा?" बाबांनी आईकडे बघितलं. आई म्हणाली, कुकर लावलाय.

मॅडम मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "यांना काहीतरी सांगायचंय. घाई करू नका, पण ऐका." मी काय कान झाकून बसलेय?

बाबांचा मूड बरा करायला मी मॅडमना रेतीचे किस्से सांगितले. तहसीलची लाँच धाड घालायला आली की किनाऱ्यावरचे लोक शिट्ट्या मारायचे आणि सगळ्या होड्या एका दमात पसार. घमेली, जेवणाचे डबे, सगळं टाकून. एकदा, मी सातवीत असताना, बाबा पंचवीस फुटी बांबू पाण्यात तसाच सोडून आले होते, आणि घरी येऊन दोन दिवस जेवले नव्हते. बांबूच्या दुःखाने! आम्ही अजून चिडवतो त्यावरून. मॅडम हसल्या. बाबांनी डोळे मिटून घेतले.

२० ऑक्टोबर, सोमवार

मंगळीआत्या येणार म्हणून आईने घर झाडून काढलं आणि यान डब्यात भरून माळ्यावर टाकलं. मला न विचारता! बाबांनी सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नाही. चमचा तोंडाशी नेला की दात आवळतात. संध्याकाळी मी स्टूल लावून डबा खाली काढला. यान दोन जागी मोडलं होतं, मी जोडलं, मग बाबा पेज प्याले.

आई म्हणाली, "तुला काय बी कलत न्हाय, पोरी." मी म्हटलं, मग सांग ना. तिने स्टूल उचलून जागेवर ठेवलं.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

आज लिहिणार नाही.

२५ ऑक्टोबर, शनिवार

लिहिते. कुणाला तरी सांगायला हवं आणि सांगायला कुणी नाही.

मंगळीआत्या दुपारच्या एसटीने आली, बरोबर किशन. कपाळभर कुंकू, गळ्यात काळे मणी, हातात हिरव्या बांगड्या, अंगावर बाबांनीच मागच्या वर्षी दिलेली साडी. दारातूनच म्हणाली, "दादा, या वरसाला मीच आले रं, तू नको उठू." बाबांना खुर्चीत बसवलं होतं. शेजारी चौरंगावर यान. आईने दोनदा उचलायला बघितलं, मी उचलू दिलं नाही. हे मीच केलं.

तिने ताटात निरांजन लावलं, टिळ्यासाठी बोट पुढे केलं. बाबांनी मान फिरवली. परत पुढे केलं, परत फिरवली. आई म्हणाली, "आजारापासून असाच करतंय." बाबांनी उजव्या हाताने चौरंगाची कड धरून तो पुढे ओढला.

मंगळीआत्या वाकून बघायला लागली आणि हसली. "होडी केलीस का रं?"

मी म्हटलं, "आत्या, यान आहे ते."

"हाट! होडीच हाय. ह्यो बांबू. ह्यो डुबीवाला." आणि मग तिचं हसू कमी कमी होत गेलं. ताट हातात तसंच होतं.

बाबांनी होडी उपटली. होडीच. मी दुहेरी पट्टी देऊन पक्का केलेला सांधा त्यांनी दोन बोटांनी सोडवला, आणि होडी ढकलत ढकलत औषधांच्या डब्यामागे नेली. वरच्या माणसाची पाठ आमच्याकडे. बांबू आणि खालचा माणूस तिथेच. ओढाताणीत त्याचा हात खाली आला होता.

"ह्यो कोन, दादा?"

बाबांनी हात वर नेला. माझ्या डोक्यात आलं, तिला धरतायत की काय. त्यांनी तिच्या गळ्यातला एक काळा मणी चिमटीत धरला. तीन महिने आम्ही ज्या चिमटीसाठी मेहनत केली, तीच ही.

मग तिने विचारलं, "वर आला व्हता का तो?"

बाबांनी मणी सोडला. खालच्या माणसाचा हात पकडला आणि वर केला.

तो टाटा करत नव्हता. मी जवळजवळ महिनाभर त्याला टाटा म्हणत होते. बाबा जेवले नाहीत ते दोन दिवस बांबूसाठी नव्हते. मी हसत हसत सांगितलं ते सगळं, त्यांच्यासमोर, मॅडमना. देवा!

मंगळीआत्या रडली नाही. ताट खाली ठेवलं. निरांजनाची वात दोन बोटांनी विझवली. तो माणूस दांड्यावरून काढून घेतला आणि मुठीत धरला. म्हणाली, "एकोनीस वरसं ववाळला तुला. एकोनीस वरसं म्या त्याला शिव्या दिल्या." आणि गेली. किशन तिच्यामागे गेला. नवी साडी पाटावर राहिली.

त्यानंतर मी आईला विचारलं, तुला कधीपासून माहीत? ती म्हणाली, "त्याच दिसापासून. तुमी पोरा ल्हान व्हतीव. तो जेलान गेला असता त तुमाला कोनी पोसला असता?" मी विचारलं, आणि किशनला कोणी पोसलं? ती भांडी घासायला बसली. स्वच्छ होती ती भांडी.

२ नोव्हेंबर, रविवार

बाबा ठोकळ्यांना हात लावत नाहीत. रुचिका मॅडम म्हणतात, इतकं चांगलं चाललं होतं, मध्येच का थांबले? मी काय सांगणार. त्यांना जे बोलायचं होतं ते बोलून झालं. मला हवं होतं ते वाक्य हेच असावं, आणि मला ते नको आहे.

मी त्यांना भरवते, पाठ पुसते, कूस बदलते. भरवताना मनात येतं, तुम्ही शिट्टी ऐकली तेव्हा खाली माणूस आहे हे आठवलं होतं का? मग वर आलेला हात दिसला तेव्हा तरी? चमचा जोरात लागतो त्यांच्या दाताला. मग वाईट वाटतं. मग परत राग येतो.

काल किशन भेटला, गोडाऊनच्या गेटवर. मंगळीआत्याने बांगड्या फोडल्या म्हणाला. सावळ्याचे दिवस घातले. देह नव्हता, म्हणून तो बोटभर माणूस पुढ्यात ठेवून केलं.

तो म्हणाला, "ताई, भांडायला न्हाय आलो. बापाच्या मरनाचा दाखला पायजे. हाफिसात म्हनतात, पुरावा काय? आय म्हनली, करिष्मा व्हती तिथं. तू लिवतेस ना काहीतरी? डब्याच्या सुट्टीत बघितलंय मी." मी म्हटलं, लिहिते. "त्यात हाय का त्या दिसाचं?" मी म्हटलं, आधीचंही आहे.

घरी येऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, "ती वही चुलीन घाल. मेलेल्या मानसासाठी जित्या बापाला पोलिसान देतंस?" चूल आमच्याकडे पंधरा वर्षं नाही. तिला आठवलं नसेल.

९ नोव्हेंबर, रविवार

उद्या लाल गोल. वाचा आली नाही, येणारही नाही.

मी वही पहिल्यापासून वाचून काढली. मला स्वतःची लाज वाटली. सगळं यात होतं, तारखेसकट, सांध्यासकट, आणि मी पंखांवरून वाद घालत होते. रोज शंभर डबे उघडून काय कमी आहे ते सांगणारी बाई मी.

आई देवळात गेली तेव्हा बाबांच्या खुर्चीसमोर बसले. भाऊबीजेचं पान मोठ्याने वाचून दाखवलं, मग सप्टेंबरमधलं, मी अभिमान म्हणून लिहिलं होतं ते. मी म्हटलं, "बाबा, यात काही चुकीचं असेल तर भुवई वर करा." त्यांनी केली नाही. "ही वही किशनला देऊ? दिली तर काय होईल मला माहीत नाही. लोक दारात येतील. पोलीस येतील. या वयात, असे असताना." ते माझे बाबा आहेत. मला सायकल त्यांनी शिकवली, सासरहून आणायला तेच आले होते, एक शब्द न विचारता.

गोडाऊनमधून शिक्क्याचं पॅड आणलं होतं. ते मी पिशवीतून काढलंही नव्हतं, नुसती पिशवी मांडीवर होती, त्यातून पॅडची कड दिसत होती. बाबांनी बोटाने ती दाखवली.

खाली निळा अंगठा आहे तो बाबांचा, उजव्या हाताचा. त्यांनी स्वतः दाबला. मी हात धरला नव्हता. या वहीतलं एकही पान फाडलेलं नाही. उद्या सकाळी आठला किशनचा टेम्पो गेटवर येतो, तेव्हा देणार आहे.